खात्याचा जंतू खोटा ठरवला, पेटंट फुकट दिलं: डुकरांच्या साथीवर औषध शोधणारे डॉ. मॅरियन डॉर्सेट

आपल्याकडं घरात अडचण आली की शेळी बाजारात जाते. पोराची फी, दवाखाना, बी-बियाणं, तेवढ्यापुरता मार्ग निघतो. अमेरिकेत आयोवा, इलिनॉय, मिसूरी या मक्याच्या पट्ट्यात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हेच काम डुक्कर करायचं. मका पिकवायचा, तो डुकरांना घालायचा आणि डुकरं विकून जमिनीवरचं कर्ज फेडायचं. म्हणून तिकडं डुकराला गहाण सोडवणारं जनावर म्हणत. डुकराचं नाव काढलं की आपल्याकडं नाक मुरडणारे बरेच असतात, पण तिथल्या साध्या शेतकऱ्याचं घर त्याच्यावर उभं होतं.

आणि ते घर आठ-पंधरा दिवसांत बसायचं. वाड्यातलं एखादं डुक्कर खायचं बंद करायचं, कोपऱ्यात कुडकुडत बसायचं. अंग तापाने फणफणलेलं. चालताना मागचे पाय लटपटायचे. कानांवर, पोटावर लाल-जांभळे डाग उठायचे, नंतर हगवण. ते मरेपर्यंत बाकीची आजारी पडलेली असायची. शेजाऱ्याच्या वाड्यात रोग कधी पोचला ते कळायचंही नाही. बघायला आलेल्या माणसाच्या बुटाला लागून जायचा, मेलेलं डुक्कर ओढ्यात टाकलं तर पाण्यातून जायचा. १८३० च्या दशकात ओहायो नदीच्या भागात पहिल्यांदा नोंद झालेला हा रोग रेल्वे आणि जनावरांचे बाजार वाढले तसा देशभर पसरला. त्याला नाव पडलं हॉग कॉलरा.

नावात कॉलरा असला तरी माणसाच्या पटकीशी त्याचा काही संबंध नाही. स्वाइन फ्लूशीही नाही. माणसाला तो होतच नाही. आज शास्त्रीय भाषेत त्याला क्लासिकल स्वाइन फिव्हर म्हणतात. २०२० पासून आसाम, अरुणाचलकडं जो आफ्रिकन स्वाइन फिव्हर आला तो दिसायला असाच, पण त्याचा विषाणू पूर्ण वेगळा. एकाची लस दुसऱ्याला चालत नाही. पेपरात दोन्ही नावांची सरमिसळ होते म्हणून हे आधीच सांगितलेलं बरं.

या हॉग कॉलराचं खरं कारण ज्यांनी शोधलं त्यांत डॉ. मॅरियन डॉर्सेट यांचं नाव पुढं येतं. मॅरियन हे नाव बाईचं वाटतं, पण हे गृहस्थ पुरुष होते. जन्म १४ डिसेंबर १८७२, टेनेसी राज्यातलं कोलंबिया गाव. हे गाव खेचरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध. टेनेसी विद्यापीठातून १८९३ साली पदवी घेतली आणि पुढच्याच वर्षी वॉशिंग्टनला केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन खात्यात, ब्युरो ऑफ ॲनिमल इंडस्ट्रीत, नोकरीला लागले. नोकरी करतच १८९६ साली डॉक्टरीची पदवीही मिळवली. पण माणसांचा दवाखाना कधी टाकला नाही. चाळीस वर्षांच्या वर त्याच खात्यात राहिले, रसायनाच्या विभागात.

त्या काळी खात्यात हॉग कॉलराचा प्रश्न सुटलेला मानला जात होता. खात्याचे पहिले प्रमुख डॅनियल साल्मन आणि त्यांचे सहकारी थिओबाल्ड स्मिथ यांनी १८८५ मध्ये मेलेल्या डुकरांच्या अंगातून एक जंतू काढला होता. तो डुकराला टोचला की डुक्कर मरायचं. झालं, हाच तो. साल्मन यांच्या नावावरून पुढं त्या जंतूच्या सगळ्या कुळालाच साल्मोनेला म्हणू लागले. आपल्याला माहीत असलेला टायफॉइडचा जंतू त्याच कुळातला. स्मिथ हे साधे माणूस नव्हते, त्या काळातल्या जगातल्या चांगल्या जंतुशास्त्रज्ञांत त्यांची गणना होत असे. तेव्हा शंका घ्यायला कोणाला जागाच नव्हती.

जंतू सापडला म्हटल्यावर औषध निघायला हवं. डिप्थेरियावर घोड्याच्या रक्तापासून सीरम नुकतंच निघालं होतं आणि मुलं वाचत होती. डॉर्सेट यांचे वरिष्ठ एमिल डी श्वाइनिट्झ यांनी त्याच धर्तीवर खात्याच्या जंतूविरुद्ध सीरम बनवलं. १८९० च्या दशकाच्या शेवटी आयोवातल्या शेतांवर त्याच्या चाचण्या झाल्या. या कामात तरुण डॉर्सेटही होते. सीरम कुठं चाललं असं वाटायचं, कुठं अजिबात चालायचं नाही. साथ जोरात असेल तिथं तर डुकरं सरळ मरायची. शेतकऱ्यांना अशा औषधांची सवय होती. हॉग कॉलऱ्यावरचा रामबाण उपाय म्हणून पुड्या आणि बाटल्या विकणारे गावोगाव फिरतच होते. फरक एवढाच की ही बाटली सरकारी होती.

अशा वेळी खात्यातला माणूस काय करतो? औषधाची मात्रा चुकली म्हणतो, शेतकऱ्याने नीट टोचलं नाही म्हणतो. आकडे थोडे सावरून वर्षाचा अहवाल पाठवून देतो. वॉशिंग्टनच्या या विभागात तसं झालं नाही. डॉर्सेट आणि डी श्वाइनिट्झ आयोवातल्या आजारी डुकरांकडं नव्याने बघायला लागले. बघितल्यावर तीन गोष्टी जुळेनात.

एक तर काही डुकरं हॉग कॉलऱ्यानं मरत होती, सगळी लक्षणं तीच, पण त्यांच्या रक्तात तो जंतू सापडतच नव्हता. तेच रक्त चांगल्या डुकराला टोचलं तर ते मात्र आजारी पडायचं. दुसरं असं की खात्याचा जंतू टोचलेलं डुक्कर मरायचं खरं, पण त्याच्या शेजारी बांधलेल्या डुकरांना काही होत नसे. शेतातला रोग तर वाड्याच्या वाडे साफ करायचा. मग हा रोग पसरत का नाही? आणि तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी. शेतातल्या साथीतून जे डुक्कर वाचलं त्याला तो रोग पुन्हा होत नसे, हे कुठल्याही म्हाताऱ्या शेतकऱ्याला ठाऊक होतं. पण खात्याच्या जंतूतून वाचलेलं डुक्कर साथीत सोडलं की मरायचं. म्हणजे हे दोन रोग एक नव्हते.

मग त्यांनी गाळणी लावली. चिनी मातीची, इतक्या बारीक छिद्रांची की त्या काळी माहीत असलेला एकही जंतू तिच्यातून पार होत नसे. आजारी डुकराचं रक्त पातळ करून तिच्यातून गाळलं. खाली पडलेल्या पाण्यात सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसेना, भांड्यात वाढवायला ठेवलं तर काही उगवेना. ते पाणी चांगल्या डुकरांना टोचलं. डुकरं आजारी पडली, शेजारच्यांना रोग दिला, आणि जी वाचली ती साथीला पुरून उरली.

१९०३ मध्ये डी श्वाइनिट्झ आणि डॉर्सेट यांनी हे छापलं. छापलं ते खात्याच्याच परिपत्रकात, साल्मन अजून प्रमुख असताना. पुढच्याच फेब्रुवारीत डी श्वाइनिट्झ वारले आणि विभाग डॉर्सेट यांच्याकडं आला. वय एकतीस. त्यांनी बोल्टन आणि मॅकब्राइड या सहकाऱ्यांना घेऊन सगळे प्रयोग पुन्हा, मोठ्या संख्येनं केले आणि १९०५ च्या अहवालात पक्कं सांगितलं: हॉग कॉलऱ्याचं कारण गाळणीतून पार होणारा, न दिसणारा विषाणू आहे. साल्मन-स्मिथ यांचा जंतू नंतर, डुक्कर अशक्त झाल्यावर, हात मारतो. म्हणजे खातं अठरा-वीस वर्षं मागून घुसणाऱ्या चोराला पकडून बसलं होतं आणि दार फोडणारा मोकळाच होता.

त्या काळी हे बोलणं सोपं नव्हतं. विषाणू ही गोष्टच नवी होती. गाळणीतून पार होणारा जनावरांचा पहिला रोग सापडला तो लाळ्या खुरकूत, १८९८ साली जर्मनीत. त्याला जेमतेम पाच वर्षं झाली होती. विषाणू डोळ्यांनी दाखवणारे यंत्र यायला अजून तीसेक वर्षं होती. जे दिसत नाही, उगवत नाही, ते आहे असं खात्याच्या नावानं सांगायचं होतं.

आता औषधाचा रस्ता उघडला, पण तो विचित्र होता. विषाणू भांड्यात वाढत नाही, मग लस बनवायची कशाची? डॉर्सेट यांनी शेतकऱ्याच्या जुन्या अनुभवाचा धागा धरला. साथीतून वाचलेल्या डुकराच्या रक्तात काहीतरी असतं जे त्याला वाचवतं. साध्या वाचलेल्या डुकराच्या रक्तात ते फार कमी भरत होतं. म्हणून त्यांनी अशा डुकराला आजारी डुकराचं भरपूर विषारी रक्त टोचलं. दुसरं डुक्कर याच्या थेंबानं मेलं असतं, हे ठणठणीत राहिलं. त्याचं रक्त आता इतकं कडक झालं की थोडं सीरम दुसऱ्या डुकराला दिलं तर तेही साथीत वाचायचं. रक्त काढायची तऱ्हाही शेतकरी पद्धतीची. शेपटीचं टोक कापायचं, रक्त भांड्यात धरायचं, काही दिवसांनी आणखी थोडं कापायचं.

नुसत्या सीरमचा जोर काही आठवडेच टिकायचा. कायमचं संरक्षण हवं असेल तर एका बाजूला सीरम आणि दुसऱ्या बाजूला जिवंत विषाणूचं थोडं रक्त, दोन्ही एकाच वेळी टोचायचं. डुकराला रोग होतो पण सीरम त्याला आवर घालतं, आणि डुक्कर जन्मभरासाठी पक्कं होतं.

१९०७ साली आयोवातल्या एम्स गावाजवळ आणि आजूबाजूच्या शेतांवर याच्या चाचण्या झाल्या. तिथलं काम डब्ल्यू. बी. नाइल्स यांनी बघितलं. या वेळी शेतकऱ्याला समजावून सांगायची गरज पडली नाही. एकाच वाड्यात टोचलेली डुकरं चरत होती आणि न टोचलेली मरून पडत होती. १९०८ मध्ये वेगवेगळ्या राज्यांच्या अधिकाऱ्यांना एम्सला बोलावून हे दाखवलं गेलं. राज्यं आपापले सीरमचे कारखाने काढायला लागली. नाइल्स, मॅकब्राइड आणि डॉर्सेट यांचा सविस्तर अहवालही त्याच साली निघाला.

या पद्धतीचं पेटंट त्याआधीच, जून १९०६ मध्ये, डॉर्सेट यांच्या नावावर झालं होतं. त्यातच लिहून टाकलं होतं की अमेरिकेतलं सरकार किंवा कुणीही माणूस ही पद्धत एक पैसा न देता वापरू शकतो. देशात कोट्यवधी डुकरं, आणि प्रत्येकाला टोचायचं औषध. डुकरामागं एक सेंट घेतला असता तरी सात पिढ्या बसून खाल्ल्या असत्या. पेटंट घेतलं ते दुसऱ्या कुणी घेऊन शेतकऱ्याचा गळा धरू नये म्हणून. हे गृहस्थ पगारावर राहिले.

पैसा मात्र इतरांनी केला. कत्तलखान्यांच्या गावांत खासगी सीरमचे कारखाने भराभर उभे राहिले. डुकरं तिथं होतीच, रक्तही होतं, पद्धत फुकट होती. काहींचा माल चांगला होता. काहींच्या बाटलीत पाण्यापेक्षा जास्त काही नव्हतं, आणि काहींत तर जिवंत रोगच होता. आपल्याकडं बोगस बियाण्याचं पाकीट फोडलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. तक्रारी इतक्या झाल्या की मार्च १९१३ मध्ये अमेरिकेच्या संसदेनं जनावरांच्या लसी आणि सीरमसाठी खास कायदा केला. परवाना आणि तपासणी असल्याशिवाय राज्याबाहेर माल विकायचा नाही. हा कायदा आजही आहे. त्याच १९१३ सालात हॉग कॉलऱ्याची मोठी लाट आली आणि सुमारे ६० लाख डुकरं मेली. औषध होतं, पण पोचलं नव्हतं, आणि जिथं पोचलं तिथं खरं असेलच याची खात्री नव्हती.

त्यानंतरची वर्षं गावोगाव टोचण्याची. खात्यानं काही जिल्हे निवडून तिथं साथ आवरून दाखवली. टोचायचं कुणी, यावरून गुरांच्या डॉक्टरांत आणि शेतकऱ्यांत भांडणंही झाली. शेतकरी म्हणत, आम्हाला शिकवा, आमची डुकरं आम्ही टोचू. डॉक्टर म्हणत, जिवंत विषाणू शेतकऱ्याच्या हातात देऊ नका. दोघांचंही काही चुकत नव्हतं.

कारण या पद्धतीत एक खोट होती. सीरम आणि विषाणू एकत्र टोचायचं म्हणजे रोग बाटलीत भरून गावात न्यायचा. सीरम हलकं निघालं, मात्रा कमी पडली, डुक्कर आधीच अशक्त असलं, तर त्याला खरा हॉग कॉलरा व्हायचा. ते कुंपणापलीकडच्या न टोचलेल्या डुकरांनाही द्यायचं. एकानं टोचलं की शेजाऱ्यालाही टोचावंच लागायचं. डुकरं वाचली, पण रोग देशातून जाईना. उलट दर वर्षी औषधाबरोबर तो नव्यानं सोडला जात होता. डॉर्सेट यांनी जे दिलं त्याशिवाय मक्याच्या पट्ट्यात डुकरं पाळणं अवघड झालं असतं, आणि तेच वापरत राहिलं तर रोग कधीच संपणार नव्हता. या अडचणीचं काम त्यांच्या विभागात शेवटपर्यंत चालू राहिलं.

मधल्या काळात त्यांनी इतरही उद्योग केले. क्षयाचा जंतू वाढवायला अंड्यापासून बनवलेलं माध्यम त्यांनी १९०२ मध्येच काढलं होतं, प्रयोगशाळांत ते डॉर्सेट यांच्याच नावानं ओळखलं जातं. १९०६ मध्ये मांस तपासणीचा कायदा आला तेव्हा तपासलेल्या मांसावर शिक्का मारायला शाई हवी होती, खाल्ली तरी अपाय न करणारी. ती जांभळी शाईही त्यांनीच तयार केली. १९२८ मध्ये पॉल डी क्रुइफ या लेखकानं भुकेशी लढणाऱ्या संशोधकांवर 'हंगर फायटर्स' हे पुस्तक लिहिलं, त्यात डॉर्सेट यांच्यावर एक प्रकरण आहे. तेव्हा खात्याबाहेरच्या लोकांनाही हे नाव कळलं.

जांभळा रंग पुन्हा एकदा आला तो लसीत. जिभेला फोड आले की आपल्याकडं दवाखान्यात जे जांभळं औषध लावायचे, त्याच जातीचा क्रिस्टल व्हायोलेट नावाचा रंग. आजारी डुकराचं रक्त या रंगात मिसळून दोन आठवडे उबेत ठेवलं की विषाणू मरायचा, पण डुकराला टोचलं तर संरक्षण मिळायचं. जिवंत रोग न पसरवता चालणारी ही लस होती. तिचा अहवाल मॅकब्राइड आणि कोल यांनी १९३६ साली प्रसिद्ध केला. मॅकब्राइड म्हणजे तेच, १९०५ मध्ये डॉर्सेट यांच्याबरोबर असलेले. डॉर्सेट मात्र तो छापील अहवाल बघायला नव्हते. १४ जुलै १९३५ रोजी ते वारले. वय ६२.

त्या लसीलाही मर्यादा होत्या. जोर यायला वेळ लागायचा आणि तो फार काळ टिकायचाही नाही. म्हणून जुनी सीरम-विषाणूची पद्धत लगेच सुटली नाही. १९४० च्या दशकात सशाच्या अंगातून पुन्हा पुन्हा नेऊन मवाळ केलेल्या विषाणूच्या लसी आल्या, तेव्हा कुठं तिची पकड ढिली झाली. १९६१ मध्ये अमेरिकेनं रोग समूळ घालवायचा कायदा केला. मग राज्या-राज्यानं जिवंत विषाणू बंद करत नेला. शेवटी १९६९ मध्ये लस टोचणंच बंद केलं, म्हणजे राहिलेला रोग लपायला जागा उरू नये. आजारी कळप सापडला की मालकाला भरपाई द्यायची आणि कळप मारायचा. शेवटची केस १९७६ मध्ये न्यू जर्सीत निघाली. १९७८ च्या जानेवारीत देश हॉग कॉलरामुक्त जाहीर झाला.

भारतात हा रोग अजून आहे. आपल्याकडं बरीच वर्षं सशात वाढवलेलीच लस वापरली गेली. एक ससा मारला की जेमतेम ५० मात्रा निघत, त्यामुळं ती कधी पुरली नाही. बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेनं पेशींमध्ये विषाणू वाढवून, ससा न मारता तयार होणारी लस काढली. ती २०२० च्या फेब्रुवारीत जाहीर झाली.